पिठावरचा पंजा

माझी आई चोर होती असं सुलतानपुरात मारुतीच्या पारावर ठरलं. एकदा गावात ठरलं की मग ती गोष्ट खरी असावी लागत नाही. मी तेव्हा रांगत होते. पुढे मला जे कळलं ते थोडं आजोळी कळलं आणि उरलेलं गावातल्या बायकांकडून. बायकांना दुसऱ्याच्या घरातलं सगळं पाठ असतं.

आईने काय चोरलं होतं? सोनं नाही, नाणं नाही. ज्वारीचं पीठ, गूळ आणि तेल. चोरताना कोणी पाहिलं नव्हतं, पण तिचं अंगच मुद्देमाल धरलं गेलं. आशाबाई जाड होती. दंड भरलेले, गळ्याखाली घडी, चालताना धाप लागायची. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी सून अशी कशी असेल? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं लोक म्हणाले आणि मोकळे झाले.

आमच्या घरात दोन भाऊ होते. थोरला भगवानराव, त्याला मी मोठा बाबा म्हणते, आणि धाकटा उत्तमराव, माझा बाप. माझ्या बापाने थोरल्या भावासमोर कधी तोंड उघडलं असेल तर ते फक्त घास घालायला. सासू नव्हती, म्हणून कोठीची किल्ली थोरल्या सुनेच्या, सोजराबाईच्या कमरेला होती. तिला मी मोठी माय म्हणते. ती काटकुळी आणि कामाला वाघीण. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. नवस झाले, लोणारच्या धारेवर अंघोळी झाल्या, अंगारेधुपारे झाले. आई मात्र लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच बाळंत झाली. ती बाळंत झाली म्हणजे मी झाले.

मोठ्या मायची एक पद्धत होती. खळ्यावर धान्याची रास पडली की शेतकरी तिच्यावर राखेचे छाप मारून ठेवतो. रात्रीतून कोणी पसाभर जरी उचललं तरी छाप मोडतो आणि चोरी उघडी पडते. मोठी माय तेच पिठाच्या हंड्यात करायची. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की पीठ हाताने सारखं करायची, त्यावर आपला पंजा दाबून उमटवायची आणि मग झाकण ठेवायची. सकाळी झाकण काढून आधी पंजा बघायचा, मग चूल पेटवायची. गुळाच्या ढेपेला असाच ओल्या राखेचा टिळा असे.

पंजा कधी मोडला नाही. गावातल्या बायका हेसुद्धा सांगतात, आणि लगेच पुढे म्हणतात, "लय हुशार होती बाप्पा तुही माय! पंजा न मोडता पीठ काढे!"

पंजा मोडला असता तर ती चोर, नाही मोडला तर हुशार चोर.

आता आईच्या माहेराचं सांगते. दुसरबीडला माझे आजोबा कडूबा, आजी मंजुळाबाई आणि मामा तुळशीराम. मंजुळाआजी सडसडीत. कडूबा आजोबा मात्र दारातून आत येताना आधी त्यांचं पोट यायचं. त्यांची आई तशीच होती म्हणतात. बैलगाडीत बसली की एका बाजूचं चाक रुतायचं. तुळशीराममामा तसाच. मामाचं धाकटं पोर अजून अंगावर पीत होतं आणि त्याच्या मनगटावर दोरा बांधल्यासारख्या वळ्या होत्या. सगळ्यांच्या मानेमागे तीच घडी. मी लहानपणी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा ओसरीवर सगळे ओळीने जेवायला बसले होते आणि ताटात भाकरी, ठेचा आणि पातळ वरण, तेही मोजकंच. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर दुसरं येणार तरी काय? या घरात उपास बहुतेक एकादशी न बघताच घडायचे, आणि तरी अंगं तशीच.

गंमत अशी की मामाला दुसरबीडात लोक "शेठजी" म्हणायचे. खिशात दमडी नाही, पण अंग आहे ना, म्हणून शेठजी. बाजारात त्याला बसायला पोतं टाकायचे. पुरुषाचं अंग सुटलं की तो खात्यापित्या घरचा. तेच अंग बाईला आलं की ती चोट्टी. एकाच बापाची दोन लेकरं, एकाला मान आणि एकीला पार.

मोठ्या बाबाला तर बैलाची नजर होती. बाजारात गोऱ्हा घ्यायचा झाला तर विकणाऱ्याला आधी विचारायचा, "याची माय कशी व्हती? बाप कोन्या गावचा वळू?" अंगलट रक्तातून उतरते, एकाच कडब्यावर एक बैल भरतो आणि दुसऱ्याची हाडं निघतात, हे त्याला नीट ठाऊक होतं. कपाशीचं बी घेताना तो मागच्या साली ते कोणाच्या शेतात होतं हे विचारायचा. एवढं शहाणपण गोठ्यात आणि शेतात. उंबऱ्याच्या आत आलं की संपलं. भरलेल्या बैलाला चोर म्हणताना मी अजून कोणाला ऐकलं नाही.

तर मोठी माय म्हणू लागली, घरातलं पीठ जातं. आधी चुलीपाशी म्हणाली, मग विहिरीवर. मग आईची भाकर दोनावरून एकीवर आली. आई रात्री मला पाजायची, दिवसा निंदायला जायची, संध्याकाळी घरचं दळण दळायची, आणि तरी अंग हटेना. मोठ्या मायने मग पदर पसरून मोठ्या बाबापुढे रडून सांगितलं की अशी बाई घरात राहिली तर घर धुवून जाईल. मोठ्या बाबाने प्रकरण पारावर नेलं. पारावर गावचा म्हातारा महादेवराव पाटील बसत असे आणि त्याचा शब्द म्हणजे शेवट.

महादेवरावाने जुनी रीत काढली. आईने मारुतीसमोर बेलभंडार उचलायचा, म्हणजे बेलाची पानं आणि हळद हातात घेऊन शपथ घ्यायची की मी घरात चोरून खाल्लं नाही. त्यानंतर दिवाळीपर्यंत वाट बघायची. तेवढ्यात तिला काही झालं नाही तर ती खरी. अंगावर काही उठलं, सूज आली, पोट फुगलं, तर देवाने खोटी शपथ उघडी पाडली असं समजायचं.

आईने बेलभंडार उचलला. बायका सांगतात की तिचा आवाज अजिबात कापला नाही. घरी येऊन तिने मात्र एक वेडेपणा केला. देवाची परीक्षा आहे तर आपण आणखी शुद्ध राहू, असं तिला वाटलं. मिळत होती त्या एका भाकरीतली अर्धी ती गायीला घालू लागली. अर्ध्या भाकरीवर आणि पाण्यावर ती बाई श्रावण, भादवा आणि आश्विन अंगावर मूल पाजत शेतात राबली. माझ्या अंगात तेव्हा जे गेलं ते तिच्या अंगातून गेलं, हे मला आता कळतं आणि घास तोंडात फिरतो.

नवरात्राच्या सुमाराला तिचे पाय सुजले. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मग तोंड सुजलं, पापण्या जड झाल्या. अंग सगळं पाण्याने भरलं.

झालं. देव बोलला!

मंजुळाआजी दुसरबीडहून धावत आली आणि पारावर उभी राहून ओरडली, "अरे, उपाशी मानूस असंच सुजते! छप्पनच्या दुष्काळात तुमच्या बापायनं पाह्यलं नाई का? पाय फुगून मेले ते काय चोर व्हते?" महादेवराव छप्पनच्या, म्हणजे इसवी १९०० च्या, दुष्काळात भरातला गडी होता. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी रस्त्याच्या कडेला सुजून मेलेली माणसं पाहिली होती. पण बेलभंडार उचललेलं माणूस सुजलं की ती सूज भुकेची नसते, शपथेची असते, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. डोळ्यांनी पाहिलेलं एकीकडे आणि शिकवलेलं दुसरीकडे असलं की आपली माणसं कुठे जातात हे काय सांगायला हवं? आजीला त्याने हाताने गप्प बसवलं. माझा बाप खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

आईला गाडीत घालून दुसरबीडला पोचवलं. मला पाठवलं नाही. मूल घराण्याचं आहे, चोरटीच्या हाताखाली वाढवायचं नाही, असं मोठा बाबा म्हणाला. मोठ्या मायने मला आईच्या कडेवरून घेतलं तेव्हा मी मोठ्या मायच्या नाकातली फुली ओढली आणि ती हसली, असं सांगतात. बापाने दुसरं लग्न केलं नाही. तो मळ्यातल्या झोपडीत राहायला गेला आणि तिथेच म्हातारा झाला.

माहेरी तरी आईने खावं की नाही? आजी दुधाची वाटी घेऊन मागे फिरायची. आई म्हणायची, "नको व माय. बारीक झाली त नेतीन मले. माही पोरगी हाये तिकडं." बारीक झाल्यावर सासरचे नेतील आणि पोरगी परत मिळेल, एवढ्या आशेवर ती उपाशी राहिली. संक्रांतीनंतर तिला ताप भरला आणि दोन रात्रींत ती गेली. मेली तेव्हाही जाडच होती. आजी हे सांगते तेव्हा रडत नाही, दात खाते.

मला मोठ्या मायने वाढवलं. आता खरं तेच सांगते, तिने माझ्यावर जीव लावला. माझ्या केसांना ती स्वतः तेल लावायची, मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायची. माझं खाणं तर तिने दुसऱ्या कोणाच्या हातात कधी दिलंच नाही. ती स्वतः भरवायची, मोजून. चोरटीच्या पोरीला हावरेपणा लागू नये म्हणून एक घास कमीच. मोठी झाल्यावरही माझं ताट तीच वाढायची. दीड भाकर, वाटीभर वरण, सणाला एक पुरणपोळी. किल्ली तिच्या कमरेला आणि पंजा पिठावर.

आणि मी फुगत गेले. चार वर्षांची झाले तेव्हा दंड भरले, दहाची झाले तेव्हा गळ्याखाली घडी आली, न्हातीधुती झाले तेव्हा विहिरीवरच्या म्हाताऱ्या मला बघून दचकायच्या. "आशाच उभी राह्यली व!" म्हणायच्या. मोठी माय कळशी उचलून झपझप निघून जायची.

मी आरशात बघत नसे. पण मला एक गोष्ट कळत होती. माझ्या तोंडात गेलेला प्रत्येक घास मोठ्या मायच्या हाताने गेला होता. मग हे अंग आलं कुठून? हा प्रश्न मी कितीतरी वर्षं मनात दाबून ठेवला, कारण तो विचारला की मला दुसरी आईही उरणार नव्हती.

लढाईची वर्षं आली. धान्यावर नियंत्रण आलं, रॉकेल मिळेना, साखर तर नावालाच. अशा दिवसांत माझी लग्नाची बोलणी सुरू झाली. मेहकरकडचे लोक बघायला आले. मुलाच्या आईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पोहे न खाता उठली. दारात जाऊन म्हणाली, "ह्या महागाईत हिले पोसाले आमचं धान्याचं पेव पुरायचं नाई." ती हसली. तिच्याबरोबरच्या बायकाही हसल्या.

मोठा बाबा म्हणाला, बुलढाण्याला डॉक्टर नीळकंठराव आहेत, औषध घेऊन या. मोठी माय मला घेऊन निघाली. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून त्या वर्षी सर्व्हिस मोटारी कोळशावर चालायच्या. मागे एक भट्टी, धूर सगळा आत. चढ लागला की उतारू खाली उतरून चालायचे. बुलढाण्याला पोचेपर्यंत आमची तोंडं काळी झाली होती.

नीळकंठराव चष्म्यातून बघणारे, गोरे, स्वच्छ धोतराचे. त्यांनी माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मला काट्यावर उभं केलं. काटा थांबल्यावर त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मला नवं नव्हतं.

"काय खाते मुलगी?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"दीड भाकर, साहेब. वाटीभर वरन," मोठी माय म्हणाली.

"आणि?"

"आनखी काई नाई."

डॉक्टर हसले. "बाई, न खाता वजन वाढत नाही. हवेवर कोणी वाढतं का? ही चोरून खाते. घरात लक्ष ठेवा, डबे कुलपात ठेवा."

मी खाली मान घातली. पण शेजारी मोठी माय एकदम उभी राहिली. तिचा आवाज इतका चढला की बाहेर बसलेले रोगी आत डोकावले.

"माह्या घरात चोरी? माह्या? किल्ली माह्या कमरेले हाये, साहेब! रोज संध्याकाळी पिठावर पंजा मारतो मी आन् सकाळी पाहातो. इतक्या वर्सात एक बोट सरकलं नाई! माह्या घरातला दाना कोनी चोरू शकत नाई, आन् कोनी चोरला बी नाई, कधीच नाई!"

आणि ती थांबली. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं असावं. मलाही ऐकू आलं. डॉक्टरांनी खांदे उडवले, एक कडू चूर्ण दिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परतताना चिखलीच्या पुढे मोटार बंद पडली. ड्रायव्हर भट्टीत कोळसे ढोसू लागला. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली बसलो. मोठ्या मायने पदराने तोंड पुसलं आणि काळं आणखी पसरलं. मी विचारलं.

"मोठे माय, तुह्या घरात कोनीच चोरी केली नाई, त मंग माही माय?"

ती रस्त्याकडे बघू लागली. मला वाटलं आता म्हणेल, तुझी माय वेगळी होती. किंवा मारेल. कधी मारलं नव्हतं, पण आज मारेल.

"मले माईत होतं," ती म्हणाली. "पयल्या सालापासून माईत होतं. पंजा मोडत नोता न. पीठ मले रोज सांगे, आशा साजूक हाये म्हनून."

"मंग काऊन?" मी तिच्याकडे वळले. "मंग काऊन केलं व असं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्याची मला चीड आली.

"तू मांडीवर असे तिच्या. हसे. मी कोठीच्या दारातून पाहो. माह्या पोटी काईच नाई, आन् आशा घरात दुसरं पोर आनीन, तिसरं आनीन, वाटनी मांगीन, तुले घेऊन जाईन. आशा चोर ठरली नसती त तू मले भेटली असती का, कोकिळे?"

हे तिने असं सांगितलं की जणू मी आता तिच्या गळ्यात पडावं. आपल्यासाठी एका बाईला उपाशी मारलं हे ऐकून कोणत्या मुलीने काय करायचं असतं? मी दूर सरकले. मी बाभळीच्या बुंध्याला धरून बसले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा तो हात मला ओळखीचा वाटला. दुसऱ्या कुठल्या आईचा हात मला माहीतच नव्हता.

"पारावर सांग," मी म्हणाले. "जिथं माह्या मायले उभं केलं, तिथं उभी राहा आन् सांग."

"सांगीन," ती लगेच म्हणाली. "पन मंग तू दुसरबीडले जाशीन. मले सोडून."

"जाईनच."

"मंग काऊन सांगू?"

असा व्यवहार झाला, बाभळीखाली. ती हट्टाने भिकाऱ्यासारखी बसून राहिली. मी विचार केला, मेलेल्या बाईला देण्यासारखं माझ्याजवळ काय आहे? तिचं नाव. तेवढं धुवून निघालं तर मी कोणाच्या घरात राहते त्याला काय महत्त्व? मी तिला शब्द दिला. तू पारावर खरं सांग, मी तुला सोडून जाणार नाही, लग्न होईपर्यंत तुझ्याच घरात राहीन आणि तुला मायच म्हणेन. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मोटार सुरू झाल्यावर ड्रायव्हरने भोंगा वाजवला तेव्हा कुठे सोडला.

शनिवारी मारुतीला गर्दी असते. मोठ्या मायने डोक्यावरून पदर घेतला आणि पारासमोर उभी राहिली. मी तिच्यामागे. महादेवराव आता अगदी थकला होता, पण बसायचा तिथेच. मोठा बाबाही होता. माझा बाप मळ्यातून आला होता. त्याला कोणीतरी बोलावलं असावं.

खोटं कशाला बोलू, मोठी माय नीट बोलली. तिचा आवाज खणखणीत होता.

"आशा चोर नोती. पिठावरला माहा पंजा एक दिवस बी मोडला नाई. मले माईत होतं आन् म्या खोटं सांगतलं. आशा उपासानं सुजली. पाप माहं हाये."

मी बापाकडे पाहिलं. तो पहिल्यांदा मान वर करून बघत होता.

मग महादेवरावाने डोळे पुसले. खरंच पुसले, त्याला गहिवरून आलं होतं.

"वा, सोजराबाई!" तो म्हणाला. "देवमानूस हाव तुमी. सोताच्या पोटची नसून पोट्टीचं लगन व्हावं म्हनून मेलेल्या बाईचं पाप आपल्या पदरात घेऊन राह्यल्या! अशी माय कोनाले भेटते?"

लोकांत कुजबुज झाली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मोठ्या बाबाने समाधानाने मान हलवली, आपल्या घरात कशी बाई आहे ते गावाला दिसलं म्हणून.

"नाई हो, पाटील," मोठी माय म्हणाली. "खरंच सांगून राह्यली मी. मारोतीची आन."

"पाहा, पाहा!" महादेवराव लोकांना म्हणाला. "आन बी घेते लेकरापायी!"

ती आणखी एकदा म्हणेल, ओरडून म्हणेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने ओठ उघडले. एक म्हातारी पुढे येऊन तिच्या पाया पडली. मोठी माय खाली बघू लागली, त्या म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे काही बोलली नाही. मी ओरडले, "खरं हाये ते! ऐका न!" तर एक बाई मला जवळ घेऊन म्हणाली, "रडू नको व पोरी, तुह्यावर डाग नाई आता. पुसला मोठ्या मायनं." माझा बाप पुन्हा जमिनीकडे बघत होता आणि थोड्या वेळाने मळ्याकडे निघून गेला.

माझं लग्न त्याच उन्हाळ्यात जमलं. एवढ्या थोर बाईने वाढवलेली मुलगी वाईट कशी असेल, असं मुलाकडच्यांनी बोलून दाखवलं. सुलतानपुरात गेले की विहिरीवर बायका मला अजून सांगतात, "तुही माय चोट्टी असो का कशी बी असो, पन तुह्या मोठ्या मायनं तिले झाकलं पाह्य." आधी माझी आई नुसती चोर होती. आता ती अशी चोर झाली की तिच्यासाठी एका देवमाणसाला देवळासमोर खोटी आण घ्यावी लागली. आणि मोठ्या मायला मी शब्द दिलेला होता, तेव्हा लग्नाच्या हळदीपर्यंत मी तिला रोज मायच म्हणत राहिले.